शेंडा

दोन भागांची काठी, साडेसात फुटी, सहा नंबरच्या दोरीची.
रंग मधाचा. उन्हात धरली
की आतून उजेड चालत गेल्यासारखा दिसतो.
मला मिळाला तो नुसता खालचा भाग,
मटण स्ट्रीटवर, पडद्यांच्या दांड्यांत उभा केलेला.
मुस्तनसीरभाई म्हणाला, छत्रीचा असेल.
मी म्हणालो, असेल.
ओळख दाखवली की भाव चढतो.
साठ रुपये.

फायबर माझ्या हातातलं आहे.
भाऊच्या धक्क्यावर होड्यांना काचेचं कापड चढवतो मी.
रेझिनचा वास नखांतून जात नाही,
आंघोळ झाली तरी मनगटात बारीक काच चुरचुरते.
साठेक वर्षांपूर्वी कुठल्याशा परक्या गावात
कुणीतरी हेच कापड सळईभोवती गुंडाळलं,
भट्टीत भाजलं, मग सळई ओढून काढली.
उरली पोकळी.
वाकते ती पोकळीच.

बाबा जाळ्याचे. त्यांना सांगितलं,
हिच्या दोरीला पिसाची खोटी माशी बांधतात
आणि माशीला मासा फसतो.
ते बराच वेळ काठीकडे बघत राहिले.
"एकच म्हावरा? आनि ता पन सोरून देवाचा?"
मग घरातल्या सगळ्यांना बोलावून
मला पुन्हा पहिल्यापासून सांगायला लावलं.

कपाटावर अशा अकरा काठ्या आहेत.
एक हिरवी, दोन काळपट,
एक पांढरी, तिच्या कॉर्कच्या मुठीवर
कुणाच्या तरी अंगठ्याचा खड्डा;
माझा अंगठा त्यात बसत नाही.
भुलेश्वरचं रेशीम, लोहार चाळीतलं व्हार्निश,
कड्या मी पुन्हा बांधतो, एकेक, रात्री, पंखा बंद करून.
पण या मधाळ बाईला शेंडा नव्हता.
नऊ वर्षं इतरांचे शेंडे लावून पाहिले.
सैल, नाहीतर घट्ट.
माशी शिंकायची ती नेमकी सांध्यावर.

या जानेवारीत, माझगावात, डॉकयार्ड रोडच्या मागल्या गल्लीत
उझैर नावाचा पोरगा कटलेले पतंग उतरवत होता.
बांबू, बांबूला जोडलेलं काहीतरी, टोकाला काटेरी फांदी,
आणि चिकटपट्टीच्या दोन वेढ्यांमधून
मधाचा रंग.

विकतोस?
नाही.
बारा फुटी नवा बांबू देतो.
नाही.
"ये झुकती है, फिर अपने आप पलटती है," म्हणाला.
एवढं नेमकं मला कधी सांगता आलं नव्हतं.
शेवटी त्याने अट घातली: पहिली फेक माझी.

आमच्या गच्चीवर सांधा बसला.
घासून नाही, ठोकून नाही, बसला.
गळाऐवजी लाल लोकरीचा तुकडा बांधला
आणि मी शिकवायला लागलो: मागे फेक, थांब,
मागची दोरी सरळ उलगडू दे, मगच पुढे.
जुनी फायबर आहे, हिला घाई कळत नाही.
मी स्वतः दर वेळी मान वळवून बघतो
उलगडली का.
उझैरने मागे पाहिलंच नाही.
पतंगाची ढील ज्या बोटाने ऐकतो
त्याच बोटाने ऐकली,
आणि सोडली.

दोरी टाक्यांवरून गेली, डिशवरून गेली,
अगदी आळसावल्यासारखी गेली,
आणि लोकर टेकली डायस मावशींच्या
दोरीवर वाळणाऱ्या बोंबलांवर.
पहिला मासा.
परवाच मेलेला, पण मासा.

शेंडा उझैरकडेच असतो.
अजून पतंग उतरवतो त्याने.
गुरुवारी संध्याकाळी फांदी सोडून घेऊन येतो,
मी दांडा काढतो,
सांधा आत सरकताना आतली हवा
फुस्स करून बाहेर पडते.
बाबा खुर्ची घेऊन वर येतात.
हसायला येतो, म्हणतात.
गेल्या गुरुवारी मात्र
पाऊण तास कुणी हसलं नाही.